गाळलेलं वाक्य

वाचनालयाच्या बालविभागात मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मुलं म्हणत, मुलांच्या आया म्हणत, आणि ग्रंथपाल साहेब वयाने मोठे असूनही मावशीच म्हणत. मूळची ती बांधणीच्या खोलीतली. फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या, सुटलेली पानं शिवायची, वरून वजन ठेवून सुकायला ठेवायची. त्या खोलीत ती वर्षानुवर्षं एकटी बसून काम करत होती आणि सुखात होती. तिथे कुणाचं काही बरंवाईट होण्याची भीती नव्हती. फार तर बोटाला सुई टोचायची.

मावशीचा स्वभाव काळजीचा. घरातून निघाली की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची, गॅस बंद केलाय ना ते बघायला. ती मोठ्या भावाच्या घरी राहायची. दादाला घरी यायला उशीर झाला की दादाची बायको स्वस्थ टीव्ही बघत बसलेली असायची आणि मावशी खिडकीत उभी. वहिनी म्हणायची, "तुला काळजी करायला काही नसलं ना, की तू त्याचीच काळजी करतेस." मावशी हसायची, पण खिडकीतून हलायची नाही.

गोष्टींचं काम तिच्या गळ्यात पडलं, कारण आधीची बाई लग्न करून दुसऱ्या गावी गेली. साहेब म्हणाले, दोनचार शनिवार निभावून न्या, मग बघू कुणीतरी. ते दोनचार शनिवार कधी संपलेच नाहीत. पहिल्या दिवशी मावशीचे हात इतके थरथरत होते की पुस्तकाची पानं फडफडायला लागली. गोष्ट वाऱ्याची होती, म्हणून मुलांना वाटलं की हेही गोष्टीतलंच आहे. मुलं खूश झाली. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा तेच करायला सांगितलं.

हळूहळू तिला वाचायची गोडी लागली. आवाज तिचा गोड, जरा घोगरा. पण एक खोड तिला कधी सुटली नाही. गोष्टीत भीतीचं काही आलं की ती ते गाळायची. वाचताना तिची नजर एक ओळ पुढे धावायची, आणि पुढच्या ओळीत काही अशुभ दिसलं की रस्त्यातलं डबकं ओलांडावं तशी ती अलगद पलीकडे जायची. तिच्या गोष्टींतला लांडगा कुणाला खात नसे, उपाशीच घरी परतत असे. ज्या मुलांना वाचता येत होतं त्यांना हे कळायचं, पण बोलत कुणी नसे. तिला वाटायचं, या एवढ्याशा जिवांना रात्री झोप लागायला हवी. त्यांची झोप आपल्या हातात आहे.

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि डिसेंबरात नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यात एक मोठ्ठं चित्रांचं पुस्तक होतं, नाताळच्या जुन्या दंतकथांचं. जाड पुठ्ठा, गडद निळं आकाश, आणि पान उघडलं की शाईचा ताजा वास. एका पानावर गरिबाच्या घरातला कोळी नाताळच्या झाडावर रात्रभर जाळं विणत होता आणि सकाळी ते जाळं चांदीचं झालं होतं. एका पानावर एक इवलासा पक्षी विझत आलेल्या शेकोटीला पंखांनी वारा घालत होता आणि त्याची छाती धगीने लाल झाली होती. एक खिडकी होती आणि तिच्यात वाट चुकलेल्यासाठी ठेवलेली मेणबत्ती. आणि शेवटी, दोन्ही पानं व्यापून, गोठा होता. गाय, गाढव, मेंढ्या आणि एक कुत्रा गवतावर दाटीवाटीने बसलेले, आढ्याला कंदील टांगलेला, सगळ्यांची तोंडं जराशी उघडी. खाली लिहिलं होतं की नाताळच्या आदल्या रात्री मुक्या जनावरांना वाचा फुटते आणि आजवर पाहिलेलं सगळं ती एकमेकांना सांगतात. त्याच्याखाली आणखी एक वाक्य होतं. त्या रात्री माणसाने त्यांचं बोलणं ऐकायला जाऊ नये, जो जाईल त्याचं भलं होत नाही.

हे वाक्य मावशीने गाळलं. आदल्या दिवशी घरी पुस्तक चाळतानाच तिने ते गाळायचं ठरवलं होतं.

त्या शनिवारी मुलांत मुंगी होती. मुंगी हे तिचं घरचं नाव. अंगाने बारीक, आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठं निळं दप्तर, म्हणून पडलेलं. सात वर्षांची असेल. ती सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसायची आणि कधी काही विचारायची नाही. तिची आई एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, तिला दुपारची पाळी असली की मुलीला वाचनालयात सोडून जायची. वडील कुठे असतात हे मावशीला माहीत नव्हतं. लांब कुठेतरी कामाला असतात, एवढं कानावर होतं.

गोष्ट संपली, मुलं पांगली. मावशी खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावत होती. मुंगी तिच्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, कुत्र्याला पण वाचा फुटते का? मावशी म्हणाली, हो, चित्रात आहे ना तो. मुंगीने थोडा विचार केला. मग तिने विचारलं की खूप आधीचं, म्हणजे मागच्या उन्हाळ्यातलं, त्याला आठवत असेल का. मावशीच्या हातात खुर्च्यांची चळत होती, ती कलंडायला लागली होती. तिने ती सावरता सावरता सांगून टाकलं, कुत्र्याला सगळं आठवतं गं, तो काही विसरत नाही.

मुलगी मान हलवून गेली आणि मावशी ते विसरूनही गेली.

नाताळच्या आदल्या दिवशी वाचनालय लवकर बंद व्हायचं होतं. दुपार कलली होती, बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. साहेब टोपी घालून निघाले होते. तेवढ्यात मुंगीची आई आली. अंगात लाँड्रीचाच निळा एप्रन होता, वर स्वेटरही नव्हता. मुंगी इथे आहे का, असं तिने विचारलं. नव्हती. आज तिला कुणी पाहिलंही नव्हतं. आई म्हणाली की शेजारच्या आजींकडे तिला ठेवलं होतं, जेवून ती आजींना सांगून निघाली की वाचनालयात जाते. आजींनी जाऊ दिलं, नेहमीचाच रस्ता म्हणून. आई कामावरून लवकर सुटली, तर मुलगी कुठेच नाही. मैत्रिणीकडे नाही, बागेत नाही, शाळा तर बंदच.

मावशीला काळजीची सवय होती. पण ही नेहमीची नव्हती. नेहमीच्या काळजीला ती ओळखत होती. ती येते, जरा वेळ बसते आणि जाते. ही आली आणि तिच्याबरोबर ती कलंडणारी खुर्च्यांची चळत डोळ्यांपुढे आली. तिने विचारलं, "तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

आई तिच्याकडे बघतच राहिली. कुत्रा होता, म्हणाली. भुऱ्या. मुंगीच्या बाबांनी रस्त्यावरून उचलून आणलेला. ते गेल्यावर घरमालकाने कटकट सुरू केली, म्हणून मागच्या पावसाळ्यात वखारीत देऊन टाकला. बाबांचा एक मित्र लाकडाची वखार चालवतो, हमरस्त्यावर, कालव्याच्या पलीकडे. पण कुत्र्याचं इथे काय?

मावशीने सांगितलं, अडखळत, पुढचं मागे आणि मागचं पुढे करत. ऐकता ऐकता आईचा चेहरा पांढरा पडत गेला. तिने वखारवाल्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. वखार सुट्टीमुळे बंद असणार. साहेबांनी टोपी काढली, पोलीस चौकीला फोन केला, मुलीचं वर्णन सांगितलं. तिकडून सांगण्यात आलं की एक गाडी बसस्टँडकडे पाठवतो, दुसरी मोकळी झाली की वखारीकडे. मोकळी कधी होईल, ते सांगता येत नाही. साहेब म्हणाले, मी इथे फोनपाशी थांबतो, न जाणो मुलगी इथेच आली तर. आई तोवर दाराबाहेर गेलीसुद्धा. मावशीने खुंटीवरचा आपला कोट घेतला आणि तिच्यामागे धावली. तो कोट तिने बसमध्ये आईच्या खांद्यावर टाकला. आईला तो आपल्या अंगावर आहे हे बराच वेळ कळलं नसावं.

बसमध्ये दोघी दारापाशी उभ्या राहिल्या. बसायला जागा होती, पण बसवेना. लोक हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन खुशीत घरी निघाले होते. एकाने मावशीला विचारलं, बाई, घड्याळात किती वाजले, तर तिने उत्तर म्हणून त्यालाच विचारलं की निळ्या दप्तराची लहान मुलगी पाहिलीत का. आई खिडकीच्या काचेला नाक लावून रस्त्याची कड बघत होती. मध्येच म्हणाली, ती एकटी एवढ्या लांब कधी गेलेली नाही, बाबांच्या मित्राच्या स्कूटरवर एकदाच गेली होती, तिला रस्ता आठवणार नाही. थोड्या वेळाने म्हणाली, तिला सगळं आठवतं. दोन्ही वाक्यं तिने सारख्याच भीतीने म्हटली.

बस कालव्याच्या अलीकडेच वळली. पुढे पायी जायचं होतं. धुकं आता इतकं दाट झालं होतं की समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आधी नुसते पिवळट डाग दिसायचे, मग एकदम अंगावर यायचे. रस्त्याला पदपथ नव्हता, मातीची अरुंद कड होती आणि तिच्या खाली कालवा. मावशी रस्त्याच्या बाजूने चालत होती आणि आईला आतल्या बाजूला ठेवत होती. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ते वाक्य मी वाचलं असतं, ऐकायला जाऊ नये एवढं जरी वाचलं असतं, तर ही पोर घरी असती. मुलं घाबरू नयेत म्हणून मी भीती गाळली आणि खरी भीती रस्त्यावर सोडून दिली. तिला हे आईला सांगायचं होतं. पण ती नुसती चालत राहिली.

कालव्यावरच्या पुलाच्या थोडं पुढे आई थांबली. कालव्यात काठाला, वाळलेल्या गवतात, काहीतरी निळं अडकलं होतं. पाण्याबरोबर ते वरखाली होत होतं.

आईने नुसतं बोट दाखवलं आणि ती तिथेच खाली बसली. मावशीने नंतर वहिनीला सांगितलं की त्या क्षणी तिला काही वाटलंच नाही, भीतीसुद्धा नाही, नुसतं हे कळलं की खाली उतरायचंय आणि ते आपल्यालाच उतरायचंय. चपला काढून ती उतारावरून बसून घसरत गेली. चिखल गार होता. गवताचा झुबका एका हाताने धरून तिने दुसऱ्या हाताने ते निळं ओढलं. ते सहज आलं. प्लॅस्टिकचं पोतं होतं, सिमेंटचं, रिकामं. मावशीने ते उलटंपालटं करून पाहिलं, आत हात घालून पाहिलं, आणि वर ओरडून सांगितलं, पोतं आहे, नुसतं पोतं आहे. मग त्या चिखलातून तिला वर चढता येईना. आईने खाली वाकून तिला ओढून घेतलं आणि दोघी जरा वेळ तिथेच चिखलात बसून राहिल्या. बाजूने ट्रक जात होते.

तिथे मावशीने ते सांगून टाकलं. पुस्तकात लिहिलं होतं की ऐकायला जाऊ नये, जो जाईल त्याचं भलं होत नाही, आणि ते मी वाचलं नाही, मुद्दाम वाचलं नाही.

आईने मावशीकडे पाहिलं ते असं, की मावशीला वाटलं, हिने मला कालव्यात ढकललं असतं तर बरं झालं असतं. मग आई उठली आणि चालायला लागली. मावशीने चपला हातात घेतल्या आणि तिच्यामागून चालायला लागली, आता जरा अंतर ठेवून.

वखारीचं फाटक साखळीने बंद होतं. पण साखळी सैल होती, मधून एखादं लहान मूल सहज आत जाईल एवढी फट होती. आत ओंडक्यांच्या राशी, डोक्याच्या वर गेलेल्या. फळ्यांच्या उभ्या चळती. राखणदाराच्या खोलीला बाहेरून कडी. आईने हाक मारली. मग दोघींनी मिळून हाका मारल्या. आतून ना मुलीचा आवाज आला, ना कुत्र्याचा. कुत्रा भुंकत कसा नाही, असं आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. अनोळखी माणूस फाटकाशी आलं की भुऱ्या सगळा परिसर डोक्यावर घेतो. मावशीला त्या राशींकडे बघवत नव्हतं. खालचा एक ओंडका सरकला की वरचे सगळे यायचे, हे तिला काही कुणी शिकवायला नको होतं. असल्या गोष्टी तिला आपोआप दिसायच्या.

आई बारीक होती, ती कशीबशी फटीतून गेली. मावशी अडकली. शेवटी फाटकावर चढून तिने आत उडी मारली. एवढ्या वर्षांत तिने पायरीवरूनसुद्धा उडी मारली नव्हती.

करवतीच्या शेडमध्ये भुश्श्याचा मोठा ढीग होता. त्या ढिगात खळगा करून मुंगी बसली होती, पाय पोटाशी घेतलेले, दप्तर मांडीवर. तिला अर्धवट वेढून राखाडी कुत्रा बसला होता आणि त्याची मान तिच्या कुशीत होती. तिने हाका ऐकल्या होत्या. त्याचं तोंड तिने दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, भुंकला असता तर तिला घरी नेलं असतं म्हणून.

मावशी पुढे झाली तशी भुऱ्या गुरगुरला. मावशीला कुत्र्यांचं भय होतं, ती होती तिथेच थिजली. आई मात्र सरळ जाऊन भुश्श्यात गुडघ्यांवर बसली. तिने मुलीला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिला बहुधा दोन्ही करायचं होतं आणि हात मधेच राहिले.

मुंगी म्हणाली, "अजून रात्र झाली नाही. थोडंच थांबायचंय. मी त्याला एकच विचारणार आहे."

"काय विचारणार आहेस?"

मुंगीने कुत्र्याच्या पाठीवर नजर ठेवली. मग तिने सांगितलं. बाबा गेले तेव्हा सगळे झोपलेले होते. भुऱ्या एकटाच जागा होता. तो बाबांबरोबर बसपर्यंत गेला होता आणि एकटाच परत आला होता. बाबा काही बोलले असतील तर त्याला माहीत असणार. मला निरोप दिला असेल, आणि भुऱ्याला बोलता येत नाही म्हणून तो तसाच राहिला असेल.

शेडमध्ये अंधारत चाललं होतं. मावशीला आईचा चेहरा दिसत नव्हता, नुसते खांदे दिसत होते, मावशीच्याच कोटातले.

"त्याला नको विचारू," आई म्हणाली. "मला विचार. मी जागी होते."

मुंगीने वर पाहिलं.

"मी डोळे मिटून पडले होते. उठले असते तर भांडण झालं असतं, मला भांडायचं नव्हतं. ते तुझ्या पलंगापाशी आले. तुझं पांघरूण सरकलं होतं, ते नीट केलं. मग उभे राहिले. म्हणाले, हिला सांगशील ना. म्हणजे त्यांना माहीत होतं, मी जागी आहे ते. काय सांगायचं ते बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही. ते कामाला गेले, लवकर येतील, असं मी तुला सांगितलं. ते कधी येणार मला माहीत नाही. येणार आहेत का, तेही माहीत नाही. तू रोज विचारायचीस, मग विचारायची थांबलीस, तर मला वाटलं, विसरलीस."

मुंगीने मावशीकडे वळून विचारलं, खरंच बोलतात का जनावरं? मावशी दूर खांबाला टेकून उभी होती, अंगात कोट नाही, पायांना चिखल, डोळा कुत्र्यावर. एरवी तिने काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेली असती. ती म्हणाली, "मी कधी ऐकलं नाही, बाळा. ती गोष्ट आहे. आणि मी तुला ती अर्धीच सांगितली." आणि तिने गाळलेलं वाक्य मुलीला सांगितलं, जसं छापलं होतं तसं.

मुंगीने ते ऐकून घेतलं. म्हणाली, मग मी आईबरोबर घरी जाते. आणि तिने कुत्र्याचं तोंड सोडलं. भुऱ्या असा काही भुंकला की मावशी खांबामागे गेली.

त्या भुंकण्याने राखणदार धावत आला. तो समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला होता. आधी त्याने चोर समजून काठी उगारली, मग मुलीला पाहून ती मागे घेतली आणि स्वतःलाच शिव्या घालायला लागला. मागून पोलिसांची गाडीही आली. हवालदाराने दोघी बायकांना जरा सुनावलं, मुलीला पुढच्या सीटवर बसवलं आणि सगळ्यांना शहरात आणून सोडलं. वाटेत मुंगी झोपली. आई तिच्या केसांतला भुस्सा एकेक कण करून काढत होती. उतरताना तिने कोट घडी घालून मावशीच्या हातात दिला. आभार मानले नाहीत आणि दोषही दिला नाही. मावशीला दोष चालला असता.

सुट्टीनंतर वाचनालयात या प्रकरणावर बोलणं झालं. कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की असली पुस्तकं बालविभागात ठेवूच नयेत, मुलं काहीही खरं धरून चालतात. साहेबांनी मावशीला बोलावून घेतलं. ती म्हणाली की पुस्तकाने सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. पुस्तक ठेवा, मला बांधणीच्या खोलीत परत पाठवा. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की बांधणीच्या खोलीत सध्या खोके ठेवलेत, जागा नाही. पुढच्या शनिवारी या, आणि जे छापलंय ते वाचा.

ते सोपं नव्हतं. पहिल्या शनिवारी लांडग्याने कोकरू खाल्लं तेव्हा मावशीच्या कपाळावर घाम आला होता. एक मुलगा रडला. त्याला मांडीवर घेऊन तिने उरलेली गोष्ट वाचली. रात्री तिला झोप आली नाही. त्या पोराला आली असेल का, याच विचारात ती कूस बदलत राहिली. सोमवारी त्याच्या आईला गाठून तिने विचारलं, तर आई म्हणाली की तो घरी गेल्यापासून लांडगाच झालाय, धाकट्या बहिणीला चावत सुटलाय.

मुंगी त्या थंडीत आली नाही. मावशी दर शनिवारी वाचायच्या आधी भिंतीपाशी बघायची. आईची पाळी बदलली असेल, असं ती स्वतःला समजवायची आणि ते तिला पटायचं नाही. लाँड्रीवरून जायचा रस्ता तिने सोडून दिला होता.

उन्हाळा तोंडावर आला असताना एका संध्याकाळी मुंगीची आई एकटीच आली. पुस्तकं परत करणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली, हातात पुस्तक नसतानाही. पाळी आल्यावर तिने सांगितलं की मुलीला मधून मधून भुऱ्याला भेटवायला नेते, तिनेच तसं मागितलं. रविवारी वखारवाला जाऊ देतो. पण पुलावरून पुढे चालताना अजून पाय लटपटतात, त्या पोत्याच्या जागी आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मुलगी बरोबर असते, तिला दिसता कामा नये. मग जरा थांबून तिने विचारलं, या रविवारी मावशी बरोबर येतील का.

मावशीला त्या रस्त्याचं नाव काढलं तरी धडकी भरायची. तिने विचारलं, किती वाजता निघायचं.

तेव्हापासून त्या तिघी महिन्यातून एखादा रविवार जायला लागल्या. पुलावर मुंगी पुढे चालायची आणि मागून दोघी बायका एकमेकींचा हात घट्ट धरून, वर काहीतरी भलतंच बोलत, कपड्यावरचा डाग कसा काढायचा असलं काहीतरी. वखारीत मावशी राखणदाराच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायची, कुत्र्यापासून लांब. बापाचा फोन त्या उन्हाळ्यात एकदा आला. आई म्हणाली की मुलगी बोलली त्यांच्याशी, बराच वेळ बोलली, दार लावून. काय बोलली ते आईने विचारलं नाही. ते परत येणार की नाही, याचा त्यात काही उलगडा झाला नव्हता. एका रविवारी बसमध्ये हे सांगताना आईने इस्त्रीने भाजलेला अंगठा तोंडात धरला होता. मावशीने बसच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि नंतर म्हणाली की पुढच्या वेळी निघताना अंगठ्याला मलम लावून ये, नाहीतर चिघळेल.

"लावते," आई म्हणाली.